आधी लायसन्सची फाइल उघड

अरे, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) कोड दिसला म्हणजे तो ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा झाला, असं धरून चालू नकोस. लायसन्सची फाइल उघड आणि शेवटपर्यंत वाच. टेराफॉर्म या क्लाउडवर सर्व्हर उभारायच्या टूलचंच बघ. ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने एमपीएल २.० हे ओपन सोर्स लायसन्स सोडून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं. कोड आजही वाचता येतो, पण त्यावर त्यांच्याशी स्पर्धा करणारी सेवा उभारता येत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या ओपन सोर्स व्याख्येतलं सहावं कलम नेमकं हेच नाकारतं: वापर कोणत्या कामासाठी करायचा, यावर बंधन नको. म्हणून त्याला 'सोर्स अव्हेलेबल' म्हण, म्हणजे कोड बघायला मिळतो, पण अटींसह. कुणी ओपन सोर्स म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त कर, संकोचू नकोस.

कंपन्यांची अडचण खरी आहे. मोठे क्लाउडवाले फुकट घेतात आणि सेवा म्हणून विकतात. पण त्यासाठी एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स आहे ना! बदललेला कोड नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर तो वापरणाऱ्यांना द्या, असं ते मागतं. रेडिस या डेटाबेसने २०२४ मध्ये बीएसडी हे ओपन सोर्स लायसन्स सोडलं, लगेच त्याच्याच जुन्या कोडवरून व्हाल्की हा फोर्क (वेगळा प्रकल्प) निघाला, आणि २०२५ मध्ये रेडिस ८ बरोबर एजीपीएलचा पर्याय आला.

आणि हो, पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवण्याआधी सीएलए, म्हणजे कोड देणाऱ्याने मान्य करायचा करार, नीट वाच. तुझ्या कोडचं लायसन्स बदलायचा हक्क त्यात कंपनीला दिलेला असेल, तर 'मान्य' दाबण्याआधी मला फोन कर.