गणपतीत चिपळूणला माझी गाडी भाच्याने चालवली आणि ठोकली, तर विमा मिळेल का? हप्ता वाढेल का?

मिळेल, पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) नसेल तर. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. तुमच्या परवानगीने गाडी घेतलेल्या भाच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स हवं आणि तो प्यायलेला नसावा. पॉलिसीत त्याचं नाव घालावं लागत नाही. लायसन्सची मुदत मात्र चावी देण्याआधी बघा, क्लेम तिथेच अडकतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. मालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण भाच्याला लागू होत नाही. ते फक्त मालक-चालकाचं. त्याच्यासाठी आणि बाकी बसणाऱ्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते महाग नसतं.

हप्त्याचं म्हणाल तर चालकाच्या वयावर तो सहसा ठरत नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. स्वतःच्या नुकसानीचा भाग गाडीची किंमत, तिचं वय आणि नोंदणीचं ठिकाण यांवर. मुंबई-पुण्याची नोंदणी 'अ' झोनमध्ये, एमएच-०८ (चिपळूण धरून रत्नागिरी जिल्हा) 'ब' मध्ये, म्हणून थोडी स्वस्त. क्लेम घेतलात की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो क्लेमशिवाय गेलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, वाढत ५० पर्यंत. बंपरला खरचटलं एवढ्यासाठी तो घालवू नका.

आणि चिपळूण म्हणताय, तिथे पाणी भरतं, तर इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनासाठीचं जादा कव्हर घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन गेलं, तर साधी पॉलिसी बहुधा हात वर करते.