वाचक विचारतात: रक्त एकच, मग एवढ्या ट्यूब कशाला?

मागच्या अंकात ब्लड रिपोर्ट कसा वाचायचा ते लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती रिपोर्टबद्दल कमी आणि सुई, ट्यूब, डबी याबद्दलच जास्त. बरंच झालं, कारण मी बरीच वर्षं सॅम्पल घेतोय आणि माझा अनुभव असा की चुकीच्या रिपोर्टच्या बहुतेक भानगडी सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात.

प्रश्न: बाबांचं पोटॅशियम ६.२ आलं, सगळे घाबरलो, ईसीजी काढला तर तो नॉर्मल. संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर ४.४. खोटं कोण, पहिली लॅब का दुसरी?

उत्तर: बहुतेक कोणीच नाही. मशीनने समोर आलेल्या रक्तातलं पोटॅशियम बरोबरच मोजलं असणार, प्रश्न एवढाच की ते बाबांच्या अंगात होतं का सॅम्पल घेताना वाढलं. आपलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेलं असतं, आणि आपण मोजतो ते बाहेरच्या पाण्यातलं, जे साधारण ३.५ ते ५ असतं. म्हणजे घेताना लाल पेशी फुटल्या की आतला माल बाहेर आलाच. त्या फुटतात कशाने, तर बारीक सुई लावून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, ट्यूब हलकेच उलटीसुलटी करायच्या ऐवजी खळाखळा हलवली. अशा रक्ताचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी, पिवळसर न राहता गुलाबी-लाल होतो आणि रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'हीमोलाइज्ड' (पेशी फुटलेल्या) असा शेरा असतो, तो आधी शोधा.

शेरा नसेल तर बाबांना विचारा, पट्टा बांधल्यावर मूठ उघड-मीट करायला लावली होती का? शीर फुगावी म्हणून हे सर्रास करतात (मीही शिकाऊ असताना करायचो), पण त्याने हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पट्ट्याखाली तुंबलेल्या रक्तात आकडा १ ने सुद्धा वाढू शकतो. मूठ एकदा मिटायची आणि शांत धरायची, बस. पट्टासुद्धा मिनिटाच्या वर आवळून ठेवायचा नाही.

तिसरी गंमत जांभळ्या टोपणाची. त्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, बहुतेक वेळा पोटॅशियमच्याच क्षाराच्या रूपात, आणि ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. आता कोणी दुसरी ट्यूब कमी भरली म्हणून जांभळीतलं थोडंसं तिच्यात ओतलं तर पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम पाताळाला. एकाच सॅम्पलमध्ये असे दोन आकडे दिसले की आम्ही आधी पेशंटकडे नाही, ट्यूबकडे बघतो.

पण म्हणून पुढच्या वेळी आकडा वाढला की 'ट्यूबची चूक असेल' म्हणून घरी बसू नका हां. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम खरंच वाढतं, ईसीजी नॉर्मल असला तरी. लगेच परत तपासायचं, तुम्ही केलंत तेच बरोबर.

प्रश्न: एका वेळी चार ट्यूब रक्त काढलं, आईला त्या दिवसापासून अशक्तपणा वाटतोय. एकाच ट्यूबमध्ये सगळं होत नाही का?

उत्तर: चार ट्यूब मिळून फार तर १५ मिली, म्हणजे तीन छोटे चमचे, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं ५ लिटरच्या आसपास. अशक्तपणा त्याने नाही, तो टिकून असेल तर कारण वेगळं आहे, डॉक्टरांना सांगा.

एका ट्यूबमध्ये होत नाही कारण प्रत्येकीत औषध वेगळं. सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टला, पेशी अख्ख्या हव्यात म्हणून जांभळी. साखरेला राखाडी, कारण साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर पेशी साखर खात बसतात आणि तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते, राखाडीतलं फ्लोराइड त्यांचं खाणं थांबवतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला फिकट निळी, तिच्यात रक्त नऊ भाग आणि सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारं औषध) एक भाग हे प्रमाण ठरलेलं, ट्यूब अर्धी राहिली तर गोठायचा वेळ उगाच लांबलेला दिसतो. म्हणून निळी रेषेपर्यंत भरली नाही तर आम्ही परत टोचतो, तेव्हा चिडू नका. ट्यूबमधली हवा आधीच काढून घेतलेली असते, त्यामुळे ती स्वतःच हवं तेवढं रक्त ओढून घेते. ही युक्ती जोसेफ क्लाइनर यांची, पेटंट १९४९ चं.

भरायचा क्रमही ठरलेला असतो: निळी आधी, मग सीरमची, जांभळी नंतर, राखाडी शेवटी. का, तर जांभळीतलं औषध सुईवाटे पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तर काय होतं ते पहिल्या उत्तरात आलंच.

प्रश्न: उपाशीपोटी म्हणजे पाणीसुद्धा नाही का? आणि रोजच्या गोळ्यांचं काय?

उत्तर: पाणी प्या, साधं, उलट शीर चांगली सापडते. चहा-कॉफी नको, बिनसाखरेची सुद्धा. ८ ते १२ तास उपास पुरे, १६ तास उपाशी राहून काही जास्त शुद्ध रिपोर्ट येत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या टेस्टला, म्हणजे एचबीए१सीला, उपास लागतच नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर मात्र नक्की सांगा, कारण जास्त डोसमध्ये ते काही मशीनवर थायरॉइडचा रिपोर्ट असा बिघडवतं की आजार नसताना आजार दिसतो.

प्रश्न: २४ तासांची लघवी जमा करायला सांगितलीय, सकाळची पहिली कॅनमध्ये टाकायची का?

उत्तर: पहिल्या दिवशीची पहिली टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची, कारण ती रात्रभर साठलेली, कालची. मग प्रत्येक थेंब कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेची शेवटची पण घ्यायची. मध्ये एकदा विसरून बाहेर गेली तर खरं सांगा आणि नव्याने सुरू करा, लपवलंत तर पूर्ण हिशोब खोटा.

प्रश्न: माझी शीर सापडतच नाही, चार-चारदा टोचतात. एकदा तर भोवळ आली.

उत्तर: आधी पाणी पिऊन या, हात गरम ठेवा, खाली लोंबता सोडा, आणि मागच्या वेळी कुठल्या हाताला मिळाली होती ते सांगा, त्यात लाज कसली. दोनदा चुकलं की 'दुसऱ्या कोणाला बोलवा' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भोवळ येते तर बसून नाही, आडवं पडून रक्त द्या. नंतर कोपर दुमडू नका, हात सरळ ठेवून कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अजून जास्त वेळ. निळंकाळं पडतं ते बहुतेक कोपर दुमडल्यानेच.

प्रश्न: बेडका तपासायला दिला तर 'ही थुंकी आहे' म्हणून परत केला!

उत्तर: बरोबर केलं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा, घट्ट यायला हवं. पाण्यासारखं आलं तर परत प्रयत्न करा. आणि नाव डबीवर लिहा, झाकणावर नको, टेबलावर पाच डब्या उघड्या असल्या की झाकणं बदलतात.