सगळी मका एकाच दिवशी पेरू नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला, तिन्ही एकर मका, एकच बियाणं, एकाच दिवशी पेरणी. नको करूस असं. 2023 चा ऑगस्ट आठव, 1901 पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, आणि आमच्या सिल्लोडकडं मका नेमकी तुऱ्यात, म्हणजे शेंड्यावर फुलोरा आलेला. लांबून रान हिरवं दिसायचं पण कणीस सोललं की अर्ध्यात दाणाच नाही. ताण बसला की तुरा येतो पण कणसाचे केस मागं राहतात, ते निघेस्तोवर पराग झडून गेलेला असतो, मग दाणा भरणार कसा?

म्हणून तुऱ्याच्या आधीचे नि नंतरचे पंधरा-पंधरा दिवस जप, बाकी वेळी मका बराच ताण सोसते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नकोस. अर्धं रान आधी, अर्धं आठ-दहा दिवसांनी, म्हणजे पावसाचा खंड पडला तरी सगळी मका एकदम तुऱ्यात सापडत नाही. मधे तुरीच्या ओळी घाल, मका गेली तरी परतीच्या पावसावर तूर काहीतरी देऊन जाते. आपल्याकडं म्हणतात ना, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ते खरंय, ओळींमधली वरची माती हलवून भेगा बुजल्या की ओल टिकते. शेततळ्याचं पाणी सुरुवातीलाच संपवू नकोस, तुऱ्यासाठी राख आणि तेव्हा एकाआड एक सरी भिजव. कोरड्यात युरिया फेकू नकोस, वाया जातो. आणि उघडीप लांबली की पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उघडून बघत जा, लष्करी अळी तिथंच बसते.

आता हे नीट वाच. दाणा भरत नाही असं दिसलं तर वाट बघत बसू नकोस, मुरघास कर, म्हणजे हिरवी मका कुट्टी करून हवाबंद मुरव. पण ताणलेली हिरवी मका कापून तशीच गुरांपुढं टाकायची नाही, खोडाच्या बुडात नायट्रेट साठतं, ते गुरांना विषारी, ताणानंतर पाऊस पडला की लगेचच्या दिवसांत तर जास्तच. माझी एक दुभती गाय त्यात गेली, तासाभरात, डॉक्टर यायच्या आत. बुडखा वीतभर सोडून काप, मुरघास महिनाभर मुरू दे, त्यानं नायट्रेट बरंच उतरतं, मग थोडा थोडा चार.

विहिरीत किती परस (पुरुषभर खोलीचं माप) पाणी आहे ते दोर सोडून मोज आणि कळव, तिसऱ्या एकरात मका घ्यायची का बाजरी ते मग ठरवू.

तुझा काका