पाऊस लागला की हात-पाय बधिर होतात, आवाज जातो आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, रात्री पोरांसकट होडीतनं बाहेर काढलं, आणि तेव्हापासून पत्र्यावर जोराचा पाऊस वाजला की हात-पाय बधिर पडतात, तोंडातनं शब्द फुटत नाही, आपण आपल्यालाच लांबनं बघतोय असं वाटतंय. एमआरआय, शुगर, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं म्हणून घरचे आता नाटक म्हणायला लागलेत. नाटक नाही हे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्या तपासण्यांत दिसेल असं काही खराब झालेलं नाही एवढंच कळालं, त्रास खोटा आहे असं त्यातनं कळत नाही.

माझं कारण पूर नव्हतं, लहानपणी घरात जे सोसलं ते होतं, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. पण बधिरपणा तोच, आवाज जाणं तेच. मी डॉक्टर नाही, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आहे आणि धारवाडच्या डिमहान्स ह्या सरकारी मानसोपचार हॉस्पिटलात बराच काळ उपचार घेतलेत, तिथं शिकलेलं आणि स्वतःवर करून बघितलेलं सांगते.

जिवावर बेतलंय आणि पळायला जागा नाही अशा वेळी मेंदू शरीराची जाणीवच कमी करून टाकतो, दुखणं कमी, भीती कमी, सगळं लांब लांब. त्या रात्री त्याचा तुम्हाला उपयोगच झाला असेल. पण नंतर धोका नसताना नुसत्या आवाजानं, वासानं तेच परत सुरू होतंय, त्याला डिसोसिएशन म्हणतात, आणि मोठ्या आघातानंतर मागं राहणाऱ्या मानसिक त्रासाला पीटीएसडी म्हणतात. मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक आहे, डीएसएम-५, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत पीटीएसडीचा हा प्रकार वेगळा नोंदवलाय. डॉक्टरकडे जाताना हे दोन्ही शब्द सांगा, नाहीतर परत गॅस आणि अशक्तपणाच्या गोळ्या मिळतात.

आता मुद्द्याचं. त्या वेळी विचार करून, मनाला समजावून परत यायचा प्रयत्न करू नका, जमत नाही, उलट जमत नाही म्हणून भीती वाढती. शरीराकडनं सुरुवात करायची आणि तीही मोठ्या स्नायूंकडनं. बधिर झालेली बोटं चोळत बसू नका, दोन्ही तळवे भिंतीला लावून भिंत ढकला, जोर लावा, सोडा, परत ढकला. टाचा उचलून जमिनीवर आपटा. खाली शहाबादी फरशी असली तर चप्पल काढून उभं राहा, गारवा कळतोय का बघा, नाही कळाला तरी चालतंय, पाय दाबत राहा. मांड्या दोन्ही हातांनी घट्ट दाबायच्या. जाणीव एकदम येत नाही, आधी पोटऱ्या कळतात, मग पाठ, बोटं सगळ्यात शेवटी, निदान माझं तरी असंच होतंय.

श्वासाबद्दल नीट सांगते कारण इथंच चुकीचा सल्ला जास्त मिळतो. डोळे मिटून खोल खोल श्वास घ्या असं सगळे सांगतात. पण घाबरल्यावर आपण आधीच भराभर श्वास घेत असतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठाभोवती, बोटांना मुंग्या येतात, म्हणजे तुमच्या बधिरपणातला थोडा भाग ह्याचाच असू शकतो. वरनं आणखी मोठे श्वास ओढले की मुंग्या वाढतात. म्हणून घेताना साधा घ्या आणि सोडताना लांबवा, तोंड मिटून म्‌म्‌म्‌ असा आवाज करत सोडला तर गेलेला आवाज यायलाही मदत होती. आणि डोळे उघडे ठेवा. डोळे मिटले की आमच्यासारखी माणसं आणखी आत जातात, योगाच्या क्लासमध्ये शवासन नको वाटलं तर सरळ उठून बसा, कुणाला कारण सांगायची गरज नाही.

डोळ्यांना काम द्यायला मी पाट्या वाचते. आपल्याकडं ह्याची सोय चांगली आहे, बसवरची कानडी पाटी एकेक अक्षर लावत वाचायची, मग बाजूच्या दुकानाची मराठी. वाचायला लक्ष लागतंय आणि आपण आत्ता कुठं आहोत तेही कळतंय. घरात असाल तर कॅलेंडरवरची आजची तारीख मोठ्यानं वाचा, साल पण वाचा, कारण अर्धं शरीर अजून २०१९ मध्येच असतंय.

वास आणि चव लवकर काम करते, पण तुम्ही जपून निवडा. ओल्या मातीचा वास घ्या, तोंडावर पाणी मारा, असं लोक सांगतील, आणि पुरातनं आलेल्या माणसाला नेमकं तेच नको असतंय. चिखलाचा, पाण्याचा, ओल्या कपड्यांचा वास सोडून दुसरं काहीतरी घ्या, बाम, लवंग, संत्र्याची साल. चवीला आमसूल किंवा लिंबाची फोड, पण तोंड नीट हलत असेल, गिळता येत असेल तेव्हाच. गारवा पाहिजे तर फ्रीजमधला स्टीलचा तांब्या मानेला लावा.

आणि हे विसरू नका, बधिर असताना चटका कळत नाही. मला भाकरी करताना बोट भाजलेलं नंतर फोड आल्यावर कळालंय. सुरुवातीची चाहूल लागली, म्हणजे कान बंद झाल्यासारखे, कडेचं दिसणं कमी, जबडा आवळलेला, की पहिला गॅस बंद करा, विळी बाजूला सारा, स्कूटीवर असाल तर कडेला थांबा. होऊन गेल्यावर अंग मोडून येतंय, थंडी वाजती, झोप येती, तेव्हा लगेच कामाला लागू नका, काहीतरी गरम प्या, पांघरूण घेऊन पडा.

घरच्यांना हे वाचून दाखवा. कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, गदागदा हलवायचं नाही, भोवती गर्दी करायची नाही. एकानं समोर बसून सावकाश सांगायचं, तू घरात आहेस, आज अमुक वार आहे, घरात पाणी नाही, पोरं इथं आहेत. विचारल्याशिवाय हात धरू नका. अंगारा लावायचा तर लावा, त्यानं आईंना बरं वाटत असेल, पण धुरी, उपास, मारणं असलं काही कुणी सुचवलं तर तिथनं उठून या. हात-पाय झटकायला लागले तर एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवायचा, फिट्स आहेत की हे, ते ठरवायला डॉक्टरला त्याचा खूप उपयोग होतो.

एकाच बाजूचा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, छातीत दुखलं, जीभ चावली, डोक्याला मार लागला, किंवा नेहमीपेक्षा काही वेगळंच झालं तर मात्र हेच असेल म्हणून घरी बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा.

डिसोसिएशन घालवायची अशी खास गोळी नाही. पीटीएसडी, झोप, उदासी ह्यासाठी डॉक्टर गोळ्या देतात आणि त्या मदत करतात, पण मेडिकलमधनं परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. खरं काम थेरपीत होतंय, ट्रॉमावरची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं ह्यांवर बोलून काम करायची पद्धत, किंवा ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करायची पद्धत, ह्या दोन्हींची शिफारस डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) २०१३ मध्ये केलीय. चांगला थेरपिस्ट आधी तुम्हाला स्थिर व्हायला शिकवतो, पुराची रात्र नंतर काढतो. पहिल्याच दिवशी सगळं सांगा म्हणून कुणी मागं लागलं आणि पाय बधिर व्हायला लागले तर थांबा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बेळगावात बिम्स ह्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या जिल्हा हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, डिमहान्स बेळगावपासून पाऊणशे किलोमीटरवर, तुम्हाला चिकोडीकडनं आणखी लांब, पण एकदा दाखवाच. जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतंय आणि भाषा निवडता येती. कानडीत त्रास सांगताना अडतंय असं वाटलं तर कधी होतंय, आधी काय ऐकलं, किती वेळ टिकतंय, हे वहीत लिहून न्या. आणि शक्यतो हे सगळं मे महिन्यातच सुरू करा, मृग लागायच्या आधी.