अरंगेत्रम की आरंगेत्रम्?

प्रश्न: भाचीच्या भरतनाट्यमचा कार्यक्रम नाशिकला कालिदास कलामंदिरात आहे. छापील पत्रिकेवर ‘आरंगेत्रम्’, तर व्हॉट्सॲपवर ‘अरंगेट्रम’. बरोबर काय? शब्द संस्कृत आहे ना? कथकलाही चालतो का?

उत्तर: शेवटच्या ‘म्’मुळे संस्कृत वाटतो खरा, पण शब्द तमिळ आहे. अरंगु म्हणजे रंगमंच, एट्रम म्हणजे चढणं. गुरूकडे काही वर्षं शिकून शिष्येनं पहिल्यांदा एकटीनं अख्खा कार्यक्रम करायचा, ते अरंगेट्रम. सुरुवात ऱ्हस्व ‘अ’नेच, ‘आरंभ’ डोक्यात असल्यानं आपल्याकडे ‘आ’ होत असावा. ट्र की त्र यावर मात्र भांडू नये. तमिळमधला तो उच्चार धड ट्र नाही, धड त्र नाही. मराठीत ‘त्र’ रुळलाय, राहू द्या. ‘म’चा पाय मोडायचीही गरज नाही.

गंमत ‘अरंगु’त आहे. जुन्या तमिळमध्ये शब्द ‘र’नं सुरू होत नाही, आधी एखादा स्वर लागतो. श्रीरंगमचं तमिळ नाव म्हणूनच तिरुवरंगम. तेव्हा आपल्या रंगभूमीतला ‘रंग’च तिथे ‘अरंगु’ झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. शब्द चांगला जुना आहे. ‘सिलप्पदिकारम’ या महाकाव्यात माधवी राजासमोर पहिल्यांदा नाचते, त्या सर्गाचं नावच ‘अरंगेट्रु कादै’. आणि हे नाचापुरतंच नाही: कवीनं नवं काव्य विद्वानांपुढे प्रथम वाचणं, तेही अरंगेट्रमच.

कार्यक्रमाचा क्रम साधारणपणे अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा असेल. वर्णम चुकवू नका. सगळ्यात लांब आणि दमवणारं तेच. पदन्यास आणि अभिनय दोन्हींचा कस तिथे लागतो. हा क्रम बसवला तंजावूरच्या चार भावांनी: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू. त्यांना आश्रय होता तो भोसल्यांच्या दरबाराचा, सरफोजी दुसऱ्यांचा (राज्यकाळ १७९८ ते १८३२). या नृत्याला पूर्वी ‘सदिर’ म्हणत, आणि ते नाव मराठी ‘सादर’वरून आलं असंही एक मत आहे. मला ते पटायला आवडेल, पण पैज लावणार नाही.

कथकवाले ‘रंगमंच प्रवेश’ म्हणतात, त्यांना तेच शोभतं. मराठीत शब्द नपुंसकलिंगी वापरा, ‘भाचीचं अरंगेत्रम’. आणि पत्रिकेत ‘अरंगेत्रमचे प्रथम सादरीकरण’ असं छापलं असेल तर तो पिवळा पीतांबर झाला.