निरीक्षण की अवलोकन? आणि मुलांचं की मुलांवर?

प्रश्न असा आहे: बी.एड.च्या इंटर्नशिपच्या वहीत एका ताईंनी "मी तिसरीच्या वर्गाचं अवलोकन केलं" असं लिहिलं होतं, मॅडमनी ते खोडून "निरीक्षण" केलं, पुढे "दोन मुलांवर निरीक्षण ठेवलं" होतं तिथेही लाल पेन फिरलं. अवलोकन म्हणजे पण बघणंच ना, मग बिघडलं काय, असं त्या विचारतायत.

ताई, अवलोकन हा शब्द चुकीचा अजिबात नाहीये, पण मॅडमनी केलेला बदल मला पटतो. आपल्याकडे अवलोकन कुठे ऐकू येतं बघा, ऑफिसात फाईल "साहेबांच्या अवलोकनार्थ सादर" होते, वर्षाच्या शेवटी आपण सिंहावलोकन करतो, म्हणजे झालेल्या, मांडून ठेवलेल्या गोष्टीवरून एकदा नजर फिरवणं. तुमच्या वहीत तो बहुतेक हिंदीतून आला असावा, कारण हिंदीत वर्गात बसून बघण्याला "कक्षा अवलोकन" म्हणतात आणि निरीक्षण हा शब्द तिकडे इन्स्पेक्शनसाठी जास्त चालतो, आणि हिंदी साहित्यावरून मराठी करताना शब्द तसाच उचलला जातो. पाहणी म्हणाल तर ती पिकांची, पूरग्रस्त भागाची, जागेची होते, एका मुलाची पाहणी कानाला कसंतरीच वाटतं. आणि तपासणी म्हणजे वह्यांची किंवा शाळेची, जिच्या आदल्या दिवशी भिंतींवर नवे तक्ते लागतात.

मराठीत निरीक्षण हा शब्द आपल्याला पहिल्यांदा नीट भेटतो तो विज्ञानाच्या प्रयोगवहीत. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निळा लिटमस लाल झाला हे निरीक्षण, द्रावण आम्लधर्मी आहे हे अनुमान, आणि दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं की सर परत लिहायला लावायचे. मला वाटतं तुमच्या मॅडमना हाच शब्द हवा होता तो याचसाठी, कारण निरीक्षण म्हटलं की शेजारी अनुमानाचा वेगळा रकाना आपोआप डोळ्यासमोर येतो आणि अवलोकन म्हटल्यावर तो येत नाही.

आता तुम्ही पाठवलेलं एक वाक्य घेते, "हा मुलगा चंचल आहे व त्याचे अभ्यासात लक्ष नाही." शब्द सगळे बरोबर आहेत, व्याकरण बरोबर आहे, पण यात निरीक्षण कुठेच नाहीये, हा सरळ शेरा आहे. निरीक्षण असं होईल: "दहा मिनिटांत चार वेळा जागेवरून उठला, त्यात तीनदा खिडकीशी गेला, बाई गोष्ट सांगायला लागल्यावर मात्र शेवटपर्यंत बसून होता." फरक भाषेतच दिसतो बघा, पहिल्या वाक्यात विशेषण आहे आणि दुसऱ्यात सगळी क्रियापदं, उठला, गेला, बसून होता. माझा तर सरळ हिशोब आहे, मुलाबद्दल लिहिताना विशेषण आलं की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं की मी नेमकं काय बघितलं म्हणून हा शब्द सुचला, आणि मग तेच लिहायचं. चंचल, हुशार, लाजाळू, खोडकर ही सगळी अनुमानाच्या रकान्यातली मंडळी. ती लिहू नयेत असं नाही, पण नंतर लिहावीत, आणि चार दिवसांच्या नोंदी हातात असताना लिहावीत, कारण कदाचित खिडकीतून त्याची धाकटी बहीण अंगणवाडीत दिसत असेल आणि तो तिला बघायला उठत असेल, हे एका दिवसात कळत नाही आणि "चंचल" लिहून टाकल्यावर तर कधीच कळत नाही.

इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी, त्या माँटेसरीबाईंचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. रोममध्ये सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत 1907 साली त्यांचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू झालं, तिथे एक तीनेक वर्षांची मुलगी लाकडी दट्ट्या आपापल्या भोकात बसवायची, काढायची आणि परत बसवायची. बाईंनी मोजायला सुरुवात केली. इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, मग ती बसलेली खुर्चीच उचलून टेबलावर ठेवली, तिने साहित्य मांडीवर घेतलं आणि काम चालूच ठेवलं, चाळीसहून जास्त वेळा. एवढ्या लहान मुलांना एकाग्रता नसते हा तेव्हाचा सर्वमान्य शेरा होता आणि तो कुणीतरी शांत बसून नुसतं मोजल्यामुळे खोटा पडला.

शिकवण्याच्या निरीक्षणालाही हेच लागू. तुम्हाला अभ्यासाला फ्लँडर्स या शिक्षणसंशोधकाची वर्ग बघण्याची पद्धत असेलच, दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय ते दहा प्रकारांपैकी एका आकड्यात टिपायचं, शिक्षक प्रश्न विचारतोय, व्याख्यान देतोय, विद्यार्थी स्वतःहून बोलतोय, शांतता किंवा गोंधळ आहे. त्या दहात "छान शिकवलं" असा प्रकारच नाही! आणि आपल्याकडे पाठ निरीक्षणाच्या वहीत सगळ्यात जास्त सापडणारं वाक्य तेच असतं.

शाळेत शिकवायला लागलात की आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत पहिलंच साधन "दैनंदिन निरीक्षण" दिसेल, महाराष्ट्राच्या 2010 च्या शासन निर्णयापासून ते आहे. त्याच्या वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या सगळीकडे फिरतात आणि चाळीस मुलांपुढे "उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो" हेच उतरतं. शिक्षकांवर कामाचा भार किती असतो ते मी घरातच बघितलंय, तरी मला याचं वाईट वाटतं, कारण ते वाक्य कुणाहीबद्दल खरं ठरतं.

आता "मुलांवर निरीक्षण ठेवलं". निरीक्षण करायचं असतं आणि ते मुलांचं करायचं, चा-ची-चे लावून. "मुलांवर"मधला "वर" आलाय तो लक्ष ठेवणे, नजर ठेवणे, पाळत ठेवणे यांच्याकडून, आणि ठेवणे हे क्रियापदही तिथलंच. "पोरावर लक्ष ठेव गं" हे आपण तो पडेल-झडेल म्हणून म्हणतो किंवा काहीतरी उद्योग करेल म्हणून, म्हणजे काय होणार ते आधीच धरलेलं असतं. निरीक्षणात काहीच धरलेलं नसतं. त्यामुळे ती दुरुस्ती नुसती व्याकरणाची नाहीये.

तुमच्या वहीत चार ठिकाणी "निरिक्षण" पण आहे. हे लक्षात ठेवायला सोपं आहे, मूळ धातू ईक्ष्, पाहणे, त्यातला ई दीर्घ. निर् + ईक्षण, म्हणून री दीर्घच. परि + ईक्षा परीक्षा, प्रति + ईक्षा प्रतीक्षा, अधि + ईक्षक अधीक्षक, सगळीकडे दीर्घ. उपसर्गाच्या शेवटी अ असला की अ आणि ई मिळून ए होतो, म्हणून अप + ईक्षा अपेक्षा, उप + ईक्षा उपेक्षा, आणि प्र + ईक्षक प्रेक्षक. एकाच बघण्याच्या धातूतून अपेक्षाही निघते आणि उपेक्षाही, हे मला दर वेळी नव्याने हलवून जातं.

तर वहीत असं करा: "तिसरीच्या वर्गाचे निरीक्षण केले", "दोन मुलांचे निरीक्षण केले", आणि खाली क्रियापदांत नोंदी. अवलोकन हा शब्द आवडत असेल तर शेवटच्या पानासाठी ठेवा, इंटर्नशिप संपल्यावर सगळ्या नोंदी एकदा परत वाचाल तेव्हा तो तिथे अगदी चपखल बसेल.