आबांना आंघोळ कोण घालणार?

"मॅडम, इथं नर्स आहेत, डॉक्टर आहेत. घरी नेल्यावर काही झालं तर आम्ही काय करायचं?"

अर्धांगवायूच्या पेशंटला घरी न्यायची वेळ आली की घरातलं कुणीतरी मला हे विचारतंच. बहुतेकदा वॉर्डाबाहेर, दबक्या आवाजात. या घरात ते सुनेनं विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

आबा ६४ वर्षांचे, कराडकडचे शेतकरी. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला होता, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी डिस्चार्जचं सांगितलं. मुलगा चाकणला कंपनीत, सून आणि सासूबाई गावी. तिघांना घेऊन बसले तेव्हा मुलानं मोबाइलमधली यादी दाखवली. हवेची गादी, कमोडची खुर्ची, डायपर, बीपीचं मशीन. यादी चांगली होती. मी विचारलं, "आंघोळ कोण घालणार?"

कुणीच बोलेना. काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, पदर सावरला, सून फरशीकडे बघत राहिली.

काकूंचे गुडघे गेलेले, आबांचं वजन त्यांना पेलणारं नव्हतं. मुलगा दोन दिवसांत कामावर परतणार. राहिली सून, जी लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. तिच्या 'काही झालं तर'मध्ये काय दडलंय ते मला तेव्हा उमगलं. दुसऱ्या झटक्याची भीती होतीच, पण रोज सकाळची भीती त्याहून मोठी होती. तिला किळस येत नव्हती, लाज वाटत होती. आबांनाही वाटत असणार. आणि तोंड उघडलं तर "सेवा नको म्हणून कारणं सांगते" असं ऐकावं लागेल, ही धास्ती वेगळीच.

"आपण आबांनाच विचारू," मी म्हटलं.

"त्यांना काही कळत नाही मॅडम," मुलगा म्हणाला.

इथंच कितीतरी घरांची गफलत होते. वाचाघातात माणसाला शब्द सापडत नाहीत, पण समजत बरंच असतं. कुणाला कमी, कुणाला जास्त. आबांना चांगलं समजत होतं. आदल्या दिवशी शेजारच्या खाटेपाशी आलेल्या एका माळकऱ्यानं "रामकृष्ण हरी" म्हटलं, तर आबांच्या तोंडून तेच शब्द स्वच्छ निघाले. बायकोचं नाव मात्र येईना. वर्षानुवर्षं जिभेवर घोळलेलं असं पुष्कळदा शाबूत राहतं. काकूंना वाटलं, देवाचं नाव घेतात आणि माझंच घेत नाहीत. त्या रात्रभर रडल्या होत्या. हे त्यांना आधीच कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

खाटेजवळ गेलो. मी समोर बसून एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारला आणि उत्तराला वेळ दिला. "आबा, आंघोळ काकूंनी घालायची?" मान हलली, नाही. "सूनबाईंनी?" त्यांनी डोळे घट्ट मिटले. "मुलानं?" डावा हात हळूहळू वर आला आणि त्यांनी मुलाचं मनगट धरलं.

मुलानं पंधरा दिवसांची रजा काढली. पुढची सोयही त्याच संध्याकाळी ठरली. चुलतभाऊ रोज सकाळी डेअरीला दूध घालून परततो, तो येणार. "त्याला कसं सांगायचं" म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. तो लगेच हो म्हणाला. सुनेनं जेवण आणि औषधं घेतली, काकूंनी दुपारचे व्यायाम.

उरलेले दोन दिवस मी त्यांना वॉर्डात सगळं स्वतःच्या हातानं करायला लावलं. शिकायचं ते नर्स शेजारी उभी असताना. मुलानं पहिल्यांदा आबांचा लुळा हात धरूनच त्यांना ओढलं, फिजिओथेरपिस्टनं लगेच थांबवलं. त्यानं खांदा निखळतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, कमरेला आधार द्यायचा, तीन म्हणेपर्यंत थांबून उठायचं. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. झोपून असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची. चहा ताठ बसवूनच आणि घट्टसर करून चमच्यानं, कारण गिळणं कच्चं होतं आणि पातळ घोट श्वासनलिकेत जाण्याची भीती होती. आबांनी पहिल्या चमच्याला तोंड फिरवलं. सूनबाईंनी जरा थांबून दुसरा पुढे केला, तो घेतला.

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, भिंतीला लावायला. अचानक तोंड आणखी वाकडं झालं, दुसराही हात गळाला, शुद्ध हरपायला लागली, तर 108. वेळ लिहून ठेवायची, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. तोंडात पाणी किंवा गोळी घालायची नाही.

गावी गेल्यावर मामा लकव्याचं औषध देणाऱ्याकडे न्यायला निघाले. सुनेनं फोन केला. मी म्हटलं, हलक्या हातानं तेल लावा हवं तर, पण बीपीची आणि रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडलेली माणसं मी वॉर्डात पुन्हा आलेली पाहिली आहेत. तिसऱ्या आठवड्यात आबा कारण नसताना रडू लागले. झटक्यानंतर मेंदूचा आवर सुटून असं होऊ शकतं, आणि साधारण तिघांपैकी एकाला खरंच नैराश्यही येतं. म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला लावलं. आणि आबांना एखादं काम द्या, असं सुचवलं. सुनेनं गोळ्यांची कप्प्यांची डबी त्यांच्या उशाशी ठेवली.

सहा आठवड्यांनी तिचा फोन आला. "मॅडम, काल पाहुणे होते, मी भाकरी थापत होते, आणि आबा डाव्या हातानं खाट वाजवत होते. मला वाटलं पाणी हवंय. जाऊन बघते तर डबी पुढे धरलेली, संध्याकाळचा कप्पा तसाच भरलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, 'ए, गोळी.'"